आजीच्या पुडीतली नीळ

आम्ही दोघी चुलत बहिणी, गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याच्या. सहा महिन्यांच्या अंतराने एकाच घरात जन्मलो, एकाच पाटीवर गिरवायला शिकलो. आता छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी अजूनही औरंगाबादेत, एकाच खोलीत राहून कला शिक्षक पदविकेच्या वर्गाला जातो. हा मजकूर दोघींनी मिळून लिहिला आहे. कुठली आठवण कोणाची यावरून लिहिताना भांडण झाले, म्हणून शेवटी सगळीकडे 'आम्ही' असेच ठेवले.

वर्षाच्या शेवटी आमच्या वर्गाला एक मोठा प्रकल्प असतो. यंदा विषय होता 'एक रंग'. एकट्याने किंवा जोडीने कोणताही एकच रंग घ्यायचा आणि पाव इंपिरियल कागदाचे बारा फलक करायचे. रंग कशापासून बनतो, त्याच्या छटा किती निघतात, तो कुठे कुठे वापरला गेला, त्यातले संकल्पचित्र, त्यातले अक्षरलेखन, आणि बारावा फलक उपयोजनाचा. म्हणजे तो रंग कागदाबाहेर कुठेतरी प्रत्यक्ष वापरायचा आणि त्याचे फोटो लावायचे. प्रत्येकाने उभे राहून आपला रंग सांगायचा होता. आमची पाळी आली तेव्हा आम्ही 'निळा' म्हणालो. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "यांचा निळाच असणार!" वर्ग हसला. सरही थोडे हसले. मग म्हणाले, "घ्या निळा. पण रंग म्हणून घ्या. तो विषय आणू नका."

'तो विषय' म्हणजे कोणता, हे कोणी विचारले नाही आणि सरांनीही सांगितले नाही. सगळ्यांना कळले होते.

खरे सांगायचे तर त्या रात्री आम्ही रंग बदलायला निघालो होतो. आम्ही काही फार धीट मुली नाही. गुण सरांच्या हातात, आणि आमच्या फीचे पैसे वडिलांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले. नापास होणे आम्हांला परवडणारे नव्हते. एकीचे म्हणणे पडले की पिवळा घेऊ, पिवळ्यावर कोणाचे बोट नाही. दुसरीला राग आला, पण तिलाही दुसरा उपाय सुचत नव्हता. शेवटी गावाकडे आजीला फोन लावला. आजीला प्रकल्प म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणून इतकेच सांगितले की वर्गात एक रंग मागितला आहे, निळा द्यावा की पिवळा. आजी म्हणाली, "पिवळ्याला हळद लागंल. हळद काय फुकट मिळायली का? निळीची पुडी घरात हाय की." आणि तिने फोन शेजारणीकडे दिला, कारण तिला पडव्याच्या डाळीचे काही बोलायचे होते.

असा आमचा रंग ठरला.

या आजीबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या घरातून दरवर्षी दोन कोयते उठतात. दसरा झाला की दोघींचे आईवडील ऊस तोडायला कारखान्यावर जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येतात. आमच्या वयाच्या कितीतरी मुली आईबरोबर फडावर गेल्या, तिथे धाकट्या भावंडांना सांभाळत राहिल्या आणि त्यांची शाळा सुटली. आम्ही गावातच राहिलो, कारण आजी हटून बसली होती की पोरी माझ्यापाशी राहतील. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा कोयते उठायच्या आधी झाल्या, म्हणून आम्हांला रंगाची पेटी तरी मिळाली. एक पेटी दोघींत. वस्तुचित्राच्या पेपरला एकीने आधी पाण्याचा हात मारून घ्यायचा, तोवर दुसरीने रेखाटन करायचे, मग पेटी खालून सरकवायची. पर्यवेक्षक बाई पाहून न पाहिल्यासारखे करीत. संकल्पचित्रात आम्हांला नेहमी चांगले गुण पडत, पण निळ्या रंगाची वडी मात्र सगळ्यांत आधी झिजे. का झिजे, ते आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

प्रकल्पाच्या आधी आमची अजिंठ्याची सहल झाली होती. वर्गाची सहल म्हणजे हिंडणे कमी आणि कागद जास्त. लेण्यांत अंधार, गर्दी, पहारेकरी पुढे चला म्हणतो, म्हणून आत पाहायचे आणि बाहेर पायऱ्यांवर बसून आठवणीने काढायचे, असा क्रम होता. आम्ही दोघी घरी रोज वंदना म्हणत वाढलेल्या. आमच्यासाठी त्या जागेत शिरणे आणि वर्गातल्या इतरांसाठी शिरणे यांत फरक होताच. पायऱ्यांवर बसून पद्मपाणीचा हात काढताना आम्हांला वाटत होते की आपण घरातल्याच कोणाचा तरी हात काढतो आहोत. तरी सरांनी तिथे जे शिकवले ते मनात पक्के बसले, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

सरांनी सांगितले की आपल्याआधी इथे असेच विद्यार्थी येऊन बसले होते. मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ सालापासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हंगामा-हंगामाला इथे येत आणि भिंतीवरची चित्रे कॅनव्हासवर उतरवून घेत. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांतले. ही चित्रे लंडनला पाठवली गेली आणि १८८५ साली तिथे लागलेल्या आगीत त्यांतली शंभराहून अधिक जळाली. त्याच्याही आधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने कितीतरी वर्षे इथे राहून नकला केल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. म्हणजे मूळ चित्रे दीड हजार वर्षे डोंगरात टिकली आणि त्यांच्या नकला वीस वर्षांच्या आत दोनदा जळाल्या. शिवाय नक्कल नीट दिसावी म्हणून मूळ चित्रांवर वार्निश फासले गेले, ते पुढे काळवंडले. सर म्हणाले, "चित्र काढताना ज्याचं चित्र काढतोय त्याची नासाडी करू नये, एवढं तरी शिका." हे वाक्य आमच्या वहीत तारखेसह लिहिलेले आहे.

रंगांविषयीही तिथेच ऐकले. अजिंठ्याचे बहुतेक रंग आसपासच्या मातीतले. तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा. आमच्या आजीला हे सगळे ठाऊक आहेत, घर सारवताना आणि भिंत काढताना तिने यांतले निम्मे वापरले आहेत. एकच रंग इथल्या मातीतला नाही, तो निळा. नवव्या-दहाव्या लेण्यांतल्या आरंभीच्या चित्रांत तो नाही. पाचव्या शतकातल्या लेण्यांत तो येतो. तो लाजवर्द नावाच्या दगडाचा, अफगाणिस्तानात बदख्शानच्या खाणीतून आलेला. तिथून वाघूर नदीच्या या घळीपर्यंत तो दगड व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर कसा आला असेल, कोणी दान दिला असेल, कोणी खलात कुटला असेल! आम्ही मान वर करून लेणे क्रमांक दोनचे छत पाहिले. फिकट झालेल्या नक्षीत निळा अजून जागोजाग जिवंत होता.

परत आल्यावर पहिला फलक 'रंग कशापासून बनतो' हा होता. आमच्याकडे कॅमलच्या पोस्टर रंगाची बाटली होती, तिच्यावर नाव 'अल्ट्रामरीन ब्लू'. ग्रंथालयातल्या पुस्तकात पाहिले तर या नावाचा अर्थच 'समुद्रापलीकडचा' असा निघाला. युरोपात हा निळा लाजवर्दाच्या दगडापासून बनत असे आणि सोन्याच्या भावाने विकला जाई. मग १८२८ साली फ्रान्समधल्या गिमे नावाच्या माणसाने तो कारखान्यात बनवायची कृती काढली. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भट्टीत भाजायचे. निघणारी पूड गुणाने त्या दगडातल्या निळ्यासारखीच. रंग इतका स्वस्त झाला की कपडे पांढरे दिसावेत म्हणून धुण्यात घालायला परवडू लागला.

इथे आम्ही पुस्तक मिटले आणि एकमेकींकडे पाहिले. धुण्यात घालायची निळी पूड म्हणजे आजीची पुडी!

विश्वास बसेना म्हणून आणखी वाचले. खरेच होते. पूर्वी नीळ म्हणजे झाडाची, तीही आपल्याकडे होती, तिचा इतिहास वेगळा. पण दुकानात पुडीत मिळते ती ही भट्टीतली, अल्ट्रामरीनची. अजिंठ्याच्या छतावरचा निळा आणि आजी जयंतीच्या आदल्या दिवशी पांढऱ्या लुगड्याला देते तो निळा, हे दोन नसून एकच. एक दगडातून आला, एक भट्टीतून, इतकाच फरक. त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट होती, ती फलकावर बसत नव्हती म्हणून इथे सांगतो. या गिमेचा मुलगा एमिल. त्याने बापाच्या निळीच्या कारखान्यातल्या पैशातून आशियातल्या मूर्ती आणि चित्रे जमवली आणि त्यांचे संग्रहालय उभे केले. ते १८८९ पासून पॅरिसमध्ये आहे आणि त्यात देशोदेशीच्या बुद्धमूर्ती आहेत. निळीच्या पैशातून बुद्धाचे घर! आजीला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "मंग काय वाईट झालं?"

गावाकडून येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर आजीने पुडी पाठवली. आम्ही पोस्टर रंगाचा पट्टा आणि निळीच्या पुडीत डिंक कालवून केलेला पट्टा शेजारी शेजारी ओढले. वर्गातल्या कोणालाही ओळखता आले नाही कोणता कोणता. मग एका वाटीत पुडीवर लिंबू पिळून दाखवले. आम्ल लागले की हा रंग विटतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, कारण आत गंधक असते. चुन्याला मात्र तो दबत नाही. म्हणून भिंतीच्या चुन्यात नीळ टाकायची आपल्या बायकांची रीत चूक नव्हती, हे तिसऱ्या फलकावर आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिले. मागच्या बाकावरचा तो मुलगा वाटी हुंगून पाहायला सगळ्यांत आधी आला. नंतर त्याने आमच्याकडे पुडी मागितली, त्याच्या फलकात आभाळ होते.

चौथा, पाचवा, सहावा फलक मुकाट्याने झाले. छटा, नक्षी, पैठणच्या साडीवरचे कमळ. पैठण आम्हांला जवळ, तरी पैठणी आम्ही दोघींनी अजून अंगाला लावलेली नाही. ते असो. सातव्या फलकाशी गाडी अडली.

सातवा फलक 'वेशभूषेत रंग' असा होता. निळ्याची वेशभूषा म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे एकच कोट येतो. तो काढला तर 'तो विषय' येणार. नाही काढला तर बारा फलक निळ्याचे आणि त्यांत बाबासाहेब नाहीत! मग आम्हांला जयंतीच्या मिरवणुकीत कोणत्या तोंडाने उभे राहता येईल? दोन दिवस कागद कोरा राहिला. त्या दोन दिवसांत आम्ही जुन्या पुस्तकांतले बाबासाहेबांचे जेवढे फोटो मिळाले तेवढे पाहिले. जवळजवळ सगळे काळे-पांढरे. त्यांत कोट करडा दिसतो, काळा दिसतो, क्वचित फिका. तो निळा होता हे फोटोवरून कळायला मार्ग नाही. नागसेनवनात फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारले. एक म्हणाले, "निळाच होता." "तुम्ही पाहिला होता का?" "नाही. पण निळाच होता." दुसऱ्यांनी सांगितले की १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघाले, त्याचा झेंडा निळा, पुढे १९५७ साली रिपब्लिकन पक्ष झाला, त्याचाही निळा, तोच रंग चितारणाऱ्यांनी कोटाला दिला. कोणी म्हणाले आभाळाचा रंग, त्याखाली सगळे सारखे. कोणी पंचशील ध्वजातल्या पहिल्या पट्ट्याकडे बोट दाखवले. आम्हांला यांतले एकच बरोबर म्हणून निवडता आले नाही. पण एक लक्षात आले. हा कोट कुठल्या कला शाळेत शिकवून ठरलेला नाही. कॅलेंडर रंगवणारे, पाट्या रंगवणारे, मूर्ती करणारे, आणि त्या विकत घेऊन भिंतीला लावणारी आपली माणसे, यांनी मिळून तो निळा केला. काळ्या-पांढऱ्या फोटोत जो रंग नव्हता तो त्यांनी भरला. रंगयोजना म्हणतात ती हीच असेल, तर एवढ्या माणसांनी मिळून केलेली दुसरी आम्हांला तरी ठाऊक नाही.

म्हणून सातव्या फलकावर आम्ही चार कोट काढले. तीन करड्या छटांचे आणि चौथा निळा. चेहरा काढला नाही. खिशात पेन तेवढे काढले. खाली एकच शब्द लिहिला, 'कोट'. चेहरा न काढणे हा आमचा भित्रेपणा होता की समजूतदारपणा, यावर आमच्या दोघींचे अजून एकमत नाही.

बाराव्या फलकासाठी आम्ही मार्चअखेर गावी गेलो. वस्तीतल्या समाजमंदिरालाच आम्ही विहार म्हणतो. एक खोली, पुढे ओटा, आणि रस्त्याकडची भिंत पावसाने शेवाळून काळी पडलेली. ती भिंत चुना आणि निळीने रंगवायची, मधोमध चार फुटांचे चोवीस आऱ्यांचे चक्र आणि वर 'जय भीम', खाली 'बुद्ध विहार, चकलांबा', असा आमचा आराखडा होता. जयंती मंडळाच्या बैठकीत तो मांडला तेव्हा पोरांनी विचारले, "भिंत रंगवून काय करायलाव? फ्लेक्स लागला की झाकलीच जायची." फ्लेक्स एका रात्रीत छापून येतो आणि त्यावर वर्गणी देणाऱ्यांचे फोटो असतात, भिंतीवर कोणाचे फोटो नसतात, ही अडचण खरी होती. बरीच बोलाबोली झाली. अखेर एका काकांनी तोडगा काढला की फ्लेक्स चौकात लावावा, भिंत पोरींना द्यावी, आणि चुन्याचे पैसे मंडळाने द्यावेत. निळीचे आमचे आम्हीच.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. गावातल्या दुकानात पुडीची नीळ पुरेशी नव्हती, म्हणून आम्ही बाटलीतली पातळ नीळ आणली. निळी ती निळीच, असे समजलो. चुन्यात ओतली तर रंग जांभळट आला, आणि दोन दिवस ऊन लागल्यावर उडून गेला. आजी ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "ती कापडाची हाय, भितीची न्हाय. शाळेत एवढं बी सांगितलं न्हाई का?" पातळ नीळ म्हणजे पाण्यात विरघळणारा वेगळाच रंग, तो अल्ट्रामरीन नव्हे. तीन फलक लिहून झाले होते, तरी हे आमच्या ध्यानात आले नव्हते. मग गेवराईहून पुडीची नीळ मागवली. कळीचा चुना पिंपात टाकून पाणी ओतले, तो उकळू लागला, पोरेटोरे गोळा झाली. रात्रभर झाकून ठेवला, सकाळी आजीच्या जुन्या लुगड्याने गाळला आणि नीळ कालवली. भिंतीवर ओला असताना रंग फिका दिसतो, वाळला की उजळतो. ते वाळणे बघत वस्तीतल्या बायका हातातले काम टाकून उभ्या राहिल्या.

चक्राची गोष्ट आणखी निराळी. वर्गात आम्ही शिकलो होतो ते असे: वर्तुळ काढायचे, त्याच कर्कटकाने परिघावर सहा खुणा करायच्या, मग प्रत्येक कोन दोनदा दुभागायचा, म्हणजे पंधरा-पंधरा अंशांवर चोवीस खुणा होतात. कागदावर हे सोपे आहे. भिंतीवर खिळा आणि सुतळी घेऊन करताना सुतळी ताणते, खिळा हलतो, खुणा पुढेमागे होतात. आमच्या शेजारचे गवंडी मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "पोरींनो, मी करू का?" त्यांनी परिघावरून सुतळी फिरवून कापली. तिची निम्मी घडी घातली, पुन्हा निम्मी, पुन्हा निम्मी, झाले आठ पदर. मग त्या घडीचे तीन सारखे भाग केले आणि तेवढ्या तुकड्याने परिघावर खुणा मारत गेले. चोविसावी खूण पहिलीवर येऊन बसली. आम्ही पट्टीने मोजले तर प्रत्येक अंतर सव्वासहा इंचांच्या आसपास, हिशेबाने यायला हवे तेवढे. आमच्या खुणांतल्या दोन चुकलेल्या निघाल्या. मामांची शाळा चौथीपर्यंत. त्यांनी बांधलेल्या कितीतरी घरांच्या पाट्यांवर त्यांचे नाव नाही. आमच्या अकराव्या फलकावर, संकल्पचित्राच्या खाली, सुतळीच्या घडीची आकृती आहे आणि 'ही रीत गवंडीकामातली' असे लिहिले आहे.

अक्षरे काढताना वस्तीतला एक होतकरू पोरगा मदतीला होता. तो पाट्या रंगवतो, हात चांगला चालतो. त्याने 'भी'वर शिरोरेघ सरळ ओढत आणली. थोडक्यात वाचलो. 'भ'च्या डोक्यावरची रेघ मध्ये तुटते. ती जोडली तर भीमाचा मीम होतो. वर्गात याच चुकीसाठी आमच्या एका मैत्रिणीचे गुण गेले होते. आम्ही ओरडलो, पोरगा शिडीवरून जवळजवळ पडला, पण रेघ वेळेवर थांबली. आजीला वाचता येत नाही. ती लांबून म्हणाली, "ते दुसरं अक्षर खाली पडायलंय." पाहिले तर 'य' खरेच दोन बोटे उतरला होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फडावरून माणसे आली. रात्री उशिरा ट्रक आला, संसार उतरला. आमचे आईवडील आणि काका-काकू, चौघेही उन्हाने काळवंडलेले, हातांना चिरा. सकाळी दादा दात घासत विहाराकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आई म्हणाली, बघा गं, कुठे बसले. ते रस्त्याच्या पलीकडे दगडावर बसून भिंत बघत होते. आम्ही विचारले, "कसं झालंय, दादा?" ते म्हणाले, "आरे मोजलेत मी. बरोबर हैत." एवढेच बोलले.

प्रकल्प जमा करायचा दिवस जयंतीनंतर होता. सरांनी एकेक फलक उलटला. सातव्यापाशी ते थांबले, चौथ्या कोटाकडे पाहिले आणि काही न बोलता पुढचा घेतला. बाराव्या फलकावरचे फोटो मात्र त्यांनी जवळ धरून पाहिले आणि विचारले, "चुन्यात सरस घातला होता का?" आम्ही खाली पाहिले. अजिंठ्याला त्यांनीच शिकवले होते की तिथले रंग कोरड्या गिलाव्यावर डिंक किंवा सरस मिसळून लावलेले आहेत, म्हणून ते भिंतीला धरून राहिले. आम्ही ते वहीत लिहिले होते. भिंतीच्या वेळी विसरलो. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी घाला." पुढच्या वर्षी म्हणजे ती भिंत पुन्हा रंगवायची, असाच त्याचा अर्थ होतो ना? आम्ही तरी तसाच घेतला. शेऱ्यात लिहिले होते, 'उपयोजन चांगले. रंगसंगती मर्यादित.' रंग एकच घ्यायचा म्हटल्यावर संगती मर्यादित राहणारच, पण गुणपत्रिकेशी वाद कोण घालणार!

सरस न घातल्याचा परिणाम आम्ही त्याआधी जयंतीच्या दिवशीच पाहिला होता. चौदा एप्रिलला सकाळी वंदना झाली, सगळ्या बायका पांढरी शुभ्र लुगडी नेसून विहारापुढे बसल्या. ऊन चढले तशी सावलीसाठी एकेक जण मागे सरकत भिंतीला टेकली. दुपारी मिरवणुकीसाठी उठल्या तेव्हा सगळ्यांच्या पाठी निळ्या! आईच्या, काकूच्या, शेजारणींच्या, अगदी फ्लेक्ससाठी भांडणाऱ्या पोरांच्या पांढऱ्या सदऱ्यांवरसुद्धा. भिंतीवर कमरेइतक्या उंचीला पुसट पट्टा पडला होता. आम्हांला रडू यायचे तेवढे राहिले. शेजारच्या काकू आपला पदर पुढे ओढून बघत होत्या, त्यांचे लुगडे नवे होते.

आजीने तो पदर हातात घेतला, झटकला आणि परत त्यांच्या खांद्यावर टाकला. म्हणाली, "नीळच हाय की गं. उद्या धुण्यात टाकायचीच व्हती." आणि ती मिरवणुकीत पुढे जाऊन उभी राहिली.